कळांखालचं कुंकू

मी शाळेत असताना बाबांनी टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर आणला होता. सगळं यंत्र कीबोर्डाच्या पोटातच. त्यावर त्यांनी माझं नाव टीव्हीच्या पडद्यावर उमटवून दाखवलं, तेव्हा मी गल्लीभर सांगत सुटलो होतो. पुढं तो बंद पडला, नंतर बाबाही गेले. पण दर खंडेनवमीला आई त्याला शिलाई मशीन आणि मिक्सरच्या रांगेत बसवून हळदीकुंकू वाहायचीच. यंदा मात्र तिनं फर्मान काढलं, "बंद वस्तूची किती पूजा करायची रे? औंदा चालू नाय झाला तर भंगारात देते."

बाबांची दुसरी कुठलीच वस्तू मला इतकी हवी नव्हती.

यंत्र उघडलं. टीव्हीवर चित्र येत होतं, कीबोर्डाच्या कळा मात्र ढिम्म. त्यांच्याखालचा प्लास्टिकचा पातळ पडदा लालभडक झालेला. वर्षानुवर्षांचं ओलं कुंकू आत झिरपून त्यावरच्या चंदेरी रेषा खाऊन बसलं होतं. औरंगपुऱ्याच्या बाजारात तसा पडदा मागितला, तर दुकानदार म्हणाला, "अरे भाई, नया कीबोर्ड ले जाव, लाइटवाला."

मग कन्नड गावातली मावशी आठवली. तिच्या घरी अस्संच यंत्र होतं, बाबांनीच घेऊन दिलेलं. एसटीत उभ्यानं गेलो. मावशीनं ते माळ्यावरून काढून दिलं, मी मोठ्या आशेनं स्क्रू काढले. आत हळद! वर अक्षता! शेवटी दोघी सख्ख्या बहिणी.

"लई मनापासून पूजा करायची मी," मावशी कौतुकानं म्हणाली.

नशीब एवढंच, की आईचा हात उजव्या कोपऱ्यात चालला होता आणि मावशीचा डाव्या. घरी येऊन दोन्ही पडदे कापले, चांगले भाग जोडले आणि तुटलेल्या रेषांवरून वीज वाहणारा चंदेरी रंग फिरवला.

खंडेनवमीला सकाळी टीव्हीवर माझं नाव उमटलं. मी ओरडलोच. आई ताट घेऊन आली, आणि कुंकवाचं बोट सरळ कळांकडं! मी दोन्ही पंजे कीबोर्डवर पसरले.

"हात काढ."

"आई, बाकी कुठंही लाव, इथं नको."

तिनं क्षणभर पाहिलं आणि माझ्या हातांनाच कुंकू लावलं. "बोटं अगदी यांच्यासारखी झालीत रे," ती हळूच म्हणाली.

मला हात उचलवेनात. टीव्हीवर माझ्या नावापुढं अक्षरांची रांग धावत सुटली होती.