सुमनबाईंचं आभाळ

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी गोंदियाच्या बाजारात वांगी निवडत होते. "काकू, आई गेली," एवढंच ती बोलली. पुढचं तिच्या नवऱ्याने सांगितलं. सकाळी अंगणात चहा घेत असतानाच छातीत कळ आली, आणि गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं... सुमनबाई माझ्या मोठ्या जाऊ. काही आठवडे उलटलेत आता. रडून झालं आहे. हल्ली त्यांचा विषय निघाला की घरात कोणी ना कोणी हसायला लागतं, म्हणूनच लिहायला बसले.

आम्ही दुकानापायी गोंदियात राहायला आलो. बाई आणि भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, गावीच राहिले, चोरखमारा तलावाच्या पाण्यावरची धानाची शेती सांभाळत. भासरे दिवसभरात चार शब्द बोलतील तर शपथ, आणि बाईंचं तोंड मिटायचं नाही. पल्लवी नागपूरला नोकरीला लागली आणि तिने आईला चांगल्यातला मोबाइल घेऊन दिला. बाईंनी नातेवाइकांना फोन करण्याऐवजी शेताचे फोटो काढायला सुरुवात केली. शेतातल्या बांधीतला धान, तलावाची पाळ, पाण्यात उभे बगळे. फोटो सुरेख यायचे, पण वरचं आभाळ पार पांढरं. "धान पाहा कसा हिरवा आला, अन् आभाळ पेजेवानी," त्या कुरकुरायच्या. पल्लवीने समजावलं, की मोबाइल खालच्या गर्द हिरव्याकडे पाहून उजेड वाढवतो, त्यात आभाळ धुऊन निघतं. मग तिने एक अ‍ॅप टाकून दिलं आणि फोटोतलं आभाळ काढून तिथे दुसरं कसं बसवायचं ते शिकवलं.

त्यानंतर आम्हा कोणाच्याच डोक्यावर आपलं आभाळ राहिलं नाही. पाळीवरून टिपलेला एक लालभडक सूर्यास्त बाईंच्या मनात भरला होता. तो त्यांनी सगळ्यांना वाटला. मी आमच्या गच्चीवरून राइस मिलच्या चिमण्यांचा फोटो पाठवला, तर तासाभरात त्या चिमण्यांमागे चोरखमाऱ्याची संध्याकाळ उगवून परत आली. शेजारच्या लग्नात भर दुपारच्या मांडवावरही तोच सूर्य. लोक हौसेने फोटो आणून द्यायचे, आणि बाई ओसरीवर चष्मा नाकाच्या टोकाला आणून, बोटाने झाडाची पानं चुकवत आभाळ पुसत बसायच्या. जेवायला हाक मारली तर "थांब व, आभाळ लावून राहिली," असं उत्तर यायचं.

याच सूर्यास्ताने पल्लवीची सोयरीक मोडायची वेळ आणली. चिचगडकडचं स्थळ होतं. त्यांनी मुलीचा फोटो मागितला, घराशेताचेही फोटो मागितले. बाईंनी सगळं एकदमच पाठवून दिलं. मंडळी पाहायला आली, चहापोहे झाले, मुलगा-मुलगी एकमेकांशी बोलून खुशीत दिसली. मग मुलाचे वडील म्हणाले, शेत पाहून येऊ. बांधावर उभं राहून त्यांनी मोबाइलमधला फोटो उघडला, एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा समोर पाहिलं. फोटोत कापलेल्या धानाचं पुंजणं होतं, त्याच्या मागे सूर्य बुडत होता, आणि पुंजण्याची सावलीही सूर्याकडेच पडली होती.

"बाई, तुमच्या गावात सूर्य पूर्वेले बुडते काय?" त्यांनी शांतपणे विचारलं.

त्यांच्यासोबत आलेली मुलाची आत्या हळूच पुटपुटली, की शेताचा फोटो असा, तर मुलीचा फोटो तरी कसा मानायचा? पल्लवीचा चेहरा उतरला. मी बाईंच्या कोपराला धरलं होतं. पण त्या मागे सरल्या नाहीत.

"आभाळ मी बदलवलं," त्या म्हणाल्या. "पांढरं दिसे, मले पाहवत नव्हतं. पण पोरीच्या फोटोले हात नाही लावला. ते हे उभी आहे, पाहून घ्या."

ते गृहस्थ पल्लवीकडे पाहू लागले, मग पुन्हा फोटोकडे... आणि हसायलाच लागले. आत्याही हसली. परतीच्या वाटेवर त्यांनी आपल्या शेताचे फोटो बाईंना दाखवले आणि विचारलं, यांचं काही होईल काय? सोयरीक जुळली.

त्या दिवसानंतर बाईंनी आयतं आभाळ लावणं सोडलं. नव्याने शिकल्या. फक्त आभाळाचा भाग निवडायचा, तिथला उजेड थोडा कमी करायचा, निळा किंचित वाढवायचा. पांढऱ्यातून हळूहळू ढगांच्या कडा दिसू लागल्या की मला मोबाइल दाखवायच्या. "पाह्य शोभा, होते आतमधी. दिसून नव्हते राहिले." तो आनंद सूर्यास्त चिकटवण्यात कधी दिसला नव्हता. पुढे व्याही आणि त्या तासन्‌तास फोनवर ढगांबद्दल बोलायचे. पल्लवी म्हणायची, माझी खुशाली शेवटी विचारतात.

तेरवीनंतर आम्ही सगळे आपापल्या घरी परतलो. गावी भासरे एकटे. बाईंचा मोबाइल ते रोज चार्ज करून भिंतीतल्या देवळीत ठेवतात, असं पल्लवीने सांगितलं होतं. मागच्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर त्या मोबाइलवरून एक फोटो आला. तिरपी बांधी, कोपऱ्यात अंगठा, वर पांढरं आभाळ. भासऱ्यांनी आयुष्यात काढलेला पहिला फोटो. थोड्या वेळाने जावयाने त्यातलं आभाळ जरा निळं करून पाठवलं. मग पल्लवीने पांढऱ्यातून ढग वर आणले. चिचगडहून व्याह्यांनी पाठवलं, ते सगळ्यांत गडद. मीही चष्मा लावून बसले आणि जमेल तसं केलं.

संध्याकाळी भासऱ्यांचा आवाज रेकॉर्ड होऊन आला. आधी नुसता खोकला. मग म्हणाले, "सगळे चांगले आहेत. पण इतकं निळं नव्हतं." मागे बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. "उद्या आणखी एक काढतो."