कोऱ्या पानावरून

कोथरूडमधल्या डोळ्यांच्या इस्पितळात डिस्चार्ज कार्ड टाइप करणाऱ्या त्या बाईंना मी एकदाच पाहिलं. हेडफोन लावून त्या डॉक्टरांच्या रेकॉर्डिंगमधली एक ओळ ऐकत, टाइप करत, मग स्क्रीनवर शाळेतली लाकडी पट्टी धरून ती वाचत आणि पुन्हा ऐकून पडताळत. बाहेर रांग होती. त्यांना घाई नव्हती.

मागच्या वर्षी इथेच वडिलांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आता डाव्याचं. मी वैतागून म्हणालो, "अहो, मागचंच कार्ड उघडा आणि तेवढा डोळा बदला. पाच मिनिटांचं काम आहे."

"सगळे तसंच करतात. मी कोऱ्या पानावरून सुरू करते," त्या मान वर न करता म्हणाल्या. मग वडिलांना विचारलं, "आजोबा, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे?"

"पेनिसिलिनची. घेतलं की श्वास कोंडतो."

त्यांनी मागच्या वर्षीचं स्कॅन केलेलं कार्ड उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर लिहिलं होतं, 'अ‍ॅलर्जी: नाही'. तळाशी 'वाचून पाहिले, बरोबर आहे' अशी छापील ओळ होती आणि तिच्याखाली माझी सही.