जागेश्वररावांचा लाल धागा

उमरेडमध्ये कुठल्याही लग्नाच्या मांडवात जागेश्वरराव बारापात्रे शिरले, की बायका पदर कमरेला खोचून घेत. म्हातारा वाईट नव्हता. पण दिसेल त्या पदराचं टोक चिमटीत धरून चोळायचं आणि सगळ्यांदेखत निकाल द्यायचा, ही त्यांची खोड. "मिलची आहे वं. फसवलं तुले." मग ती बाई पंगत उठेपर्यंत नवऱ्याकडे डोळे वटारून बघायची. गावाच्या नळांचे व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात जागेश्वररावांची नोकरी सरली, पण त्याआधी ते घरच्या हातमागावर बसलेले, आणि त्यांची बोटं तिथून उठायला तयार नव्हती.

बारापात्र्यांच्या मागावरची साडी पदराच्या शेवटी एक लाल धागा आडवा घेऊनच उतरायची. तीच घराची सही. आणि नवरदेवाने स्वतः विणलेली साडी नवरीला द्यायची, ही घरची रीत. त्यांच्या बायकोची, तुळजाबाईंची, लग्नातली हिरवी, पिवळ्या पदराची साडी चव्वेचाळीस वर्षांनंतरही सणासुदीला निघायची. त्या ती नेसल्या की जागेश्वरराव चार पावलं पुढे चालत. लोक म्हणत, जुन्या वळणाचा माणूस आहे, लाजतो.

लाजतो कसला! ती साडी मिलची होती.

झालं असं होतं की, नवरीची साडी गुपचूप विणायची म्हणून लग्नाच्या महिनाभर आधी जागेश्वर आपल्या मित्राच्या, दादाजीच्या घरच्या मागावर बसू लागला. बसला चार दिवस. मग दादाजी त्याला नागपूरला सिनेमाला घेऊन गेला. सिनेमा इतका आवडला, की दोघांनी तो नऊ वेळा पाहिला. लग्न परवावर आलं तेव्हा मागावर वीतभर कापड होतं. शेवटी नागपूरच्या इतवारी बाजारातून एक साडी आणली आणि तोंड बंद ठेवलं. दादाजी पुढे देवाघरी गेला, आणि जागेश्वररावांना दुःखाबरोबर थोडं हायसंही वाटलं होतं.

तर त्या सोमवारी सकाळी ते दाढीचा फेस लावून आरशासमोर उभे असताना नागपूरच्या मनीषनगरहून नातीचा, मयुरीचा फोन आला. मयुरी मोबाइलवर हातमागाच्या साड्यांचे व्हिडिओ टाकते आणि तिला हजारो लोक बघतात.

"आबा, रविवारी येऊन राहिली मी. आजीची लग्नाची साडी आणि तुम्ही! लाल धागा एकदम जवळून दाखवू."

जागेश्वररावांनी हो म्हटलं, फोन ठेवला आणि अर्धीच दाढी करून दुपारपर्यंत घरात हिंडत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साड्यांचं बिंग फोडलेलं. आता हजारो लोकांसमोर आपलं फुटणार, आणि तेही बायकोच्या शेजारी बसून. लोकांचं एक वेळ सोडा, ही काय म्हणेल?

साडीच नसली तर व्हिडिओ कशाचा, असा विचार करून मंगळवारी त्यांनी साडीच्या पेटीत गुळाचा खडा टाकला. उंदीर येतील, कुरतडतील, आपण हळहळू. उंदीर काही आले नाहीत. मुंग्या आल्या.

"अवो, पेटीत गूळ कुठून आला?" तुळजाबाईंनी विचारलं.

"मले काय मालूम? उंदरानं आणला असंन."

"उंदीर गूळ खाते जी, आणून ठेवत नाही."

बुधवारी तुळजाबाईंनी साडी झटकून, घडी करून गच्चीवर खाटेवर उन्हाला ठेवली. जागेश्वरराव तर्री-पोह्यांची बशी घेऊन वर निघाले. तर्री चांगली तिखटजाळ, वर बोटभर लाल तेल. साडीजवळ पोचल्यावर ठेच लागल्याचं नाटक करायचं, असा बेत होता. पण नाटकाआधीच शेवटच्या पायरीवर खरोखरची ठेच लागली आणि सगळी तर्री स्वतःच्या पांढऱ्या लेंग्यावर सांडली. शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणारी जया हसून हसून खालीच बसली. तुळजाबाईंनी साडी उचलली, लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली.

गुरुवारी त्यांना एकदम सुचलं, की धागा तर सुईनेही घालता येतो! त्यांनी लाल रीळ शोधलं. सुईत दोरा ओवायला तासभर लागला, तरी ओवला नाहीच. शेवटी जयाकडून ओवून आणला. घरी आल्यावर आठवलं की कपाटाला कुलूप आहे. सुई शर्टाच्या खिशाला टोचून ते झोपाळ्यावर बसले आणि विसरून गेले. जेवायला वाढताना तुळजाबाईंनी त्या सुईकडे पाहिलं, खाली लोंबणाऱ्या लाल दोऱ्याकडे पाहिलं, आणि भाकरीवर तुपाची धार जरा जास्तच धरली.

शुक्रवारी जागेश्वररावांचा घसा बसला. खुणांनी बोलू लागले. व्हिडिओत बोलता येणार नाही, असं त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं. तुळजाबाईंनी काढा दिला, गळ्याला मफलर गुंडाळला. संध्याकाळी टीव्हीवर क्रिकेटची मॅच होती. शेवटच्या चेंडूवर झेल सुटला आणि जागेश्वरराव गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडले, "अबे, हात आहेत का चाळणी!"

"काढा लागू पडला," तुळजाबाई म्हणाल्या.

शनिवारी मात्र त्यांचा धीर खचला. खरं सांगून टाकावं, म्हणून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"अवं, मले तुले काही सांगाचं आहे."

"उद्या सांगा. पोरीसाठी सांबारवड्या कराच्या आहेत." त्यांनी कोथिंबिरीच्या चार जुड्या पुढ्यात टाकल्या. "हे निवडा." जागेश्वरराव तासभर मुकाट्याने काड्या मोडत बसले. त्यांना खरंच रडू येत होतं.

रविवारी मयुरी आली. तिने मोबाइल ट्रायपॉडवर बसवला. तुळजाबाई हिरवी साडी नेसून पलंगावर बसल्या, शेजारी जागेश्वरराव, तोंड उतरलेलं, कपाळाला घाम. मयुरीने घराची रीत सांगितली, लाल धाग्याची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, "आबा, आता पदर हातात घ्या आणि दाखवा."

त्यांनी डोळे मिटून पदर उचलला.

"वा! केवढा सुंदर!" मयुरी ओरडली.

जागेश्वररावांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. पिवळ्या पदराच्या शेवटी या काठापासून त्या काठापर्यंत एक लाल धागा होता. त्यांनी बोट फिरवलं, दोनदा चोळला. गेला नाही.

"आबा, बोला ना! विणताना तुम्हाला काय वाटलं?"

"विणताना," जागेश्वरराव म्हणाले आणि त्यांचा घसा खरोखर बसला. मयुरीला वाटलं, आबा भावुक झाले. व्हिडिओत तिने तेवढंच ठेवलं.

वड्या खाऊन, डबा भरून घेऊन मयुरी बस पकडायला गेली. मग जागेश्वरराव तुळजाबाईंसमोर येऊन उभे राहिले.

"तो धागा..."

"मी घातला, सुईनं. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी. सासूबाई बायकायले बोलावून सून अन् साडी दोन्ही दाखवणार होत्या. माह्या बापाच्या घरी काय माग नव्हता का जी? हातात घेतल्याबरोबर समजलं."

"मंग आजवर बोलली काहून नाही?"

"तुम्ही सांगान म्हणून वाट पाहत होती. मंग म्हटलं, पदर पाहान तर आपोआप समजंन." त्यांचे डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं. "साऱ्या गावाचे पदर चोळले तुम्ही. चव्वेचाळीस वर्षांत माह्या पदराले एक डाव हात लावला असता, तर दिसला असता."

जागेश्वरराव त्यांच्याजवळ बसले. पदराचं टोक त्यांनी पुन्हा हातात घेतलं, आणि दिवा लावायला उठायची वेळ झाली तरी सोडलं नाही.

"सोडा आता," तुळजाबाई म्हणाल्या. "हाताले वडीचं तेल आहे तुमच्या."