अण्णांच्या इंग्लंडातलं फाटक

मी वाचायला शिकलो ते पत्रकांवर. वडील बीडच्या हक्कांसाठीच्या सभांतून घडी घातलेली पत्रकं खिशात घालून आणायचे. कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहायचो आणि पुढची बाजू मोठ्यानं वाचायचो. अशा घरातल्या पोरानं गेल्या वर्षी एका पुढाऱ्याचं प्रवासवर्णन लिहायला घेतलं, हे सांगताना अजून तोंड कडू होतं.

आमच्या भागात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचा मुलगा इंग्लंडात समुद्रकाठच्या एका गावात नोकरीला आहे. अण्णा तिथं महिनाभर राहून आले आणि वाढदिवसाला वाटायला त्यांना पुस्तिका हवी झाली. मी कबूल झालो तो मामासाठी. मामाच्या मेंढ्या पूर्वी अण्णांच्या रानाच्या बांधानं पाझर तलावावर पाण्याला जायच्या. दोन-तीन वर्षांपूर्वी अण्णांनी त्या वाटेवर बाभळीच्या काट्या लावल्या. तेव्हापासून कळप तलवाड्याकडच्या डांबरी रस्त्यानं, ट्रकांच्या कडेकडेनं, लांबचा वळसा घेतो. उन्हाळ्यात दोन गाभण मेंढ्या त्या वळशात बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

"पुस्तक लिहून दे," अण्णा म्हणाले होते, "मग काट्यांचं बघू."

चार दुपारी मी त्यांच्या बैठकीत बसलो. अण्णा पान चघळत सांगायचे, मी लिहायचो. समुद्रात पार आतपर्यंत गेलेला लाकडी धक्का. हातातले तळलेले बटाटे पळवणारे पांढरे पक्षी. खडूसारख्या पांढऱ्या कड्यावरून दीपगृहापर्यंतची चाल, आणि दमल्यावर टेकायला मेलेल्या माणसांच्या आठवणीला त्यांची नावं कोरलेले बाक. बोलताना पानाची थुंकी माझ्या वहीवर उडायची. मी बाहीनं पुसायचो आणि पुढचं वाक्य सजवायचो.

चौथ्या दिवशी ते खुलले.

"कड्यावरची वाट सरळ एका शेतकऱ्याच्या रानात शिरती बघ. त्याच्या मेंढ्या चरत्यात तिथं. म्या म्हणलं, मालक वरडंल. सून म्हणली, बाबा, ही वाट सगळ्यांची हाय, मालकाला बंद करता येत न्हाई. फाटक उघडायचं, जायचं, मागं लावून घ्यायचं. लई भारी लोकं, लेखकराव."

मी ते जसंच्या तसं लिहिलं. सगळ्या पुस्तिकेत तेवढं एकच पान खरं होतं.

मजकूर वाचून दाखवताना अण्णांनी मला त्याच पानावर थांबवलं.

"हे काढ."

"तुम्हीच सांगितलंय की."

"बसल्या बसल्या सांगितलं. छापायचं म्हंजी निराळं. उद्या तुझा मामा हेच पान घेऊन तहसीलला जाईल."

"आणि काट्या?"

"सुगी होऊ दे. मेंढ्या बसवायच्याच हायत मला रानात. तवा काढू."

सुगीनंतर मोकळ्या रानात कळप मुक्कामाला बसवला की लेंड्यांचं फुकट खत मिळतं. तेवढ्यापुरत्या काट्या अण्णा स्वतः ओढतात, मामाला हाताला धरून आत नेतात, चहा पाजतात. रान खतवलं की काट्या परत वाटेवर. मेंढीची लेंडी चालते, मेंढीची तहान चालत नाही. मला शिसारी आली. त्यांची आली, आणि त्यांचा समुद्र चार दुपारी गोड शब्दांत घोळवणाऱ्या माझ्या हाताचीही आली.

"पुस्तक दुसऱ्याकडून लिहून घ्या," म्हणून मी वही उचलली.

"कावून? फुगलास व्हय बे?" अण्णा हसले आणि तस्तात थुंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाला घेऊन काट्यांपाशी गेलो.

"अण्णा बोंबलंल," मामा म्हणाला.

"बोंबलू दे. त्यांचंच म्हणणं वाचून दाखवीन."

मी काट्या ओढल्या. तळहातात दोन काटे मोडले. पुढची मेंढी क्षणभर अडखळली, मग पाण्याचा वास लागला असावा, सगळा कळप माझ्या पायांना घासत आत शिरला. शेवटचं कोकरू गेल्यावर मी काट्या होत्या तशा परत लावू लागलो.

"आता परत कावून लावतो बे?" मामा वैतागला. "वढल्यात तर राहू दे की."

"इंग्लंडात असंच करतात. जायचं, मागं लावून घ्यायचं."

"तुझं इंग्लंड ऱ्हाऊ दे. पाणी पाजून यायचं कुठून, ते सांग."

"इथूनच," मी म्हणालो. "उद्या पण इथूनच."

मामानं अण्णांच्या घराकडे एकदा पाहिलं. मग खाली वाकून काट्यांचं दुसरं टोक धरलं.