नाईक घरतचे पाय कुणाशी जुळत नसत

शनिवारी संध्याकाळी कुलकर्णींचा फोन आला. कुलकर्णी आमच्या रनिंग ग्रुपचे अ‍ॅडमिन, अंधेरीला एका कंपनीत मॅनेजर आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आरे कॉलनीत माझ्या फौजेतल्या जुन्या साथीदाराच्या, नाईक हुद्द्याच्या विलास घरतच्या नावाने रन होता. दर वर्षी असतो. मी यादी तपासत होतो: पाणी, लिंबू-मीठ-साखर, प्रथमोपचाराची पेटी, शिट्टी, घरतच्या बायकोला मुलुंडहून आणायला रिक्षा.

"सर, एक आयडिया आहे," कुलकर्णी म्हणाले. "सुरुवातीला सगळ्यांनी एका स्टेपमध्ये पळायचं. आर्मी स्टाईल. लेफ्ट-राइट तुम्ही द्यायचं. पुढे बाइकवरून शूटिंग."

"नको."

"अहो, ट्रिब्यूट आहे ना सर. झकास दिसेल."

"घरत कधी कुणाबरोबर स्टेपमध्ये पळाला नाही."

"ते कुणाला माहीत आहे सर?"

मुद्दा बरोबर होता. म्हणून हे लिहितो आहे.

मी इन्फंट्रीत नोकरी केली आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालो. ही गोष्ट मी हवालदार असतानाची. आमची बटालियन उत्तर सीमेवर, उंचावर तैनात होती. मी पीटी इन्स्ट्रक्टर, म्हणून जवान मला उस्ताद म्हणत. बटालियनची क्रॉस कंट्री टीमही माझ्याकडे होती. घरत त्या टीममधला सगळ्यांत चांगला धावपटू आणि माझी सगळ्यांत मोठी डोकेदुखी.

तो मुलुंडचा, गव्हाणपाड्यातला आगरी. सीमेवर समोरच्या सैन्याबरोबर बैठका होतात, तिथे चिनी बोलणारा माणूस लागतो. घरतचा कान तीक्ष्ण होता म्हणून त्याला भाषेच्या कोर्सला पाठवलं. कोर्सहून तो भाषा घेऊन आला आणि सोबत ताओही घेऊन आला.

ताओ म्हणजे वाट. घरतने मला बर्फावर काठीने ते चिनी अक्षर काढून दाखवलं. "हे डोकं, उस्ताद. हे खाली चालणारे पाय. दोन्ही मिळून वाट." कोर्सच्या मास्तरांनी त्याला सांगितलं होतं, की ताओ मानणारे जुने साधक डोंगरात राहत, श्वासावर काम करत आणि कुठलीच गोष्ट जोर लावून करत नसत. मास्तर स्वतः बसून ध्यान करायचे. घरतला बसवत नसे. त्याने ते ध्यान पायांत आणलं.

त्याचे नियम चार. घड्याळ घालायचं नाही. तोंड बंद, श्वास नाकाने आणि पोटापर्यंत. श्वास जेवढा देईल तेवढाच वेग. पुढच्याला गाठायचं नाही, मागच्याला चुकवायचं नाही. घरी आई देवपूजा चुकवत नाही, तसा हा रोजची लांब धाव चुकवत नसे. ड्यूटीमुळे चुकली तर दिवसभर कुणाशी धड बोलायचा नाही.

"लांब पळालं ना उस्ताद, की आधी पाय बोलतात," तो म्हणायचा. "मग डोकं बोलतं. मग दोघं दमून गप होतात. मग पळणारा कोण, ते कळत नाय."

"आणि टायमिंग?"

"ते तुमच्याकडं ठेवा."

माझ्यासारख्या माणसाने अशा धावपटूचं काय करायचं? माझं काम टायमिंगचं होतं. टीमच्या प्रत्येक जवानाचा तक्ता माझ्याकडे होता. घरतच्या रकान्यात एक दिवस बटालियनचं रेकॉर्ड असायचं आणि दुसऱ्या दिवशी नुसती रेघ, कारण स्वारी अर्ध्या वाटेत नदीकाठी उभी. विचारलं तर उत्तर, "आतून थांबलं."

ब्रिगेडच्या शर्यतीत तो चौथा आला. तिसरा जवान शेवटच्या चढावर त्याच्या पुढ्यात होता, जवळजवळ हाताच्या अंतरावर. टीमच्या सगळ्या नंबरांची बेरीज होते आणि आम्ही एका गुणाने ट्रॉफी गमावली. कमांडिंग ऑफिसर मला काय बोलले ते इथे लिहीत नाही. मी ते सगळं घेऊन घरतकडे गेलो. तो बूट काढून पाय चोळत बसला होता.

"तो तिसरा तुझ्या पुढ्यात होता, घरत."

"होता."

"मग घेतला का नाहीस?"

"तो फार जोर लावत होता, उस्ताद. मीपण लावला असता, तर मग ते पळणं राहिलं नसतं."

"शर्यत होती रे ती."

"त्याची होती ना."

मी त्याला आठवडाभर जादा फटिग दिलं, म्हणजे खड्डे खणणं, सामान वाहणं. त्याने ते तितक्याच शांतपणे केलं. त्याने मी जास्त चिडलो.

आणखी एक गोष्ट सिव्हिलियन वाचकांना सांगायला हवी. दोन फौजी शेजारी चालू लागले, की थोड्याच अंतरात त्यांचे पाय जुळतात. ठरवावं लागत नाही, ट्रेनिंगमध्ये ते हाडांत जातं. आजही बोरिवलीच्या मार्केटात माझा पाय बायकोच्या पायाशी जुळतो आणि ती पिशवीने ढोसून म्हणते, "परेड नकोय, भाजी घ्यायची आहे." फक्त पूल आला की ऑर्डर असते: ब्रेक स्टेप. एकसाथ पडणाऱ्या पावलांनी पूल हलू शकतो, म्हणून कदम मोडायचे. पूल संपला की पुन्हा जुळवायचे.

घरतचे पाय परेडवर जुळत. धावताना कधीच नाही. पहाटे सगळी कंपनी एका थापेत धावायची आणि त्या थापेत मला दोन वेगळी पावलं ऐकू यायची. अंधारातही मी सांगू शकत होतो, घरत कुठे आहे. कपड्यावर निघालेल्या दोऱ्यासारखा तो आवाज मला टोचायचा.

त्या हिवाळ्यात वरच्या पोस्टवर शिपाई जाधवला धाप लागली. उंचीवर माणसाच्या फुप्फुसात पाणी भरतं. त्याला ताबडतोब खाली आणावं लागतं, नाहीतर ऑक्सिजन द्यावा लागतो. ढग उतरले होते, हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं. त्या बर्फात जाधवला उचलून आणणं शक्य नव्हतं. पोस्टवरचा सिलेंडर संपत आला होता. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, अंधार पडायच्या आत दुसरा सिलेंडर वर पोचला तर पोरगा वाचेल.

तिघांची पार्टी निघाली. मी पार्टी कमांडर. मी आणि घरतने एकेक सिलेंडर घेतला. तिसरा नर्सिंग असिस्टंट मोरे, पाठीवर औषधांची पिशवी. इंजेक्शन देणारे हात त्याचे, म्हणून तो वर पोचणं सिलेंडरइतकंच गरजेचं होतं. माणूस कामाचा, पण अंगाने जड आणि चढाला कच्चा.

चढ नेहमी दिवसभराचा. आमच्याकडे अर्धा दिवस होता. मी पुढे होतो, मोजून पावलं टाकत होतो. मोरे माझ्या मागे, त्याच्या मागे घरत. दर थोड्या वेळाने रेडिओ वाजायचा.

"टायगर वन, लोकेशन बताओ. ओव्हर."

"टायगर वन. पहला मोड़ पार. ओव्हर."

"और कितना टाइम? ओव्हर."

प्रत्येक वेळी थांबायचं, हातमोजा काढायचा, बोलायचं, पुन्हा सुरू. अंग थंड पडायचं, लय तुटायची. पार्टी रेडिओवर अडत होती आणि रेडिओ विचारत होता, की पार्टी का अडते. वीस वर्षांनंतरही मला त्या सेटचा राग येतो.

दुसऱ्या वळणाला मोरे बसला. आधी ओकला, मग बसला. चेहरा राखेसारखा.

"ऊठ," मी म्हणालो. "मोरे, वर माणूस मरतोय."

"उठतो, उस्ताद," तो म्हणाला आणि उठला नाही.

मी आणखी आवाज चढवला. तेव्हा मागून घरत म्हणाला, "उस्ताद, ब्रेक स्टेप द्या."

"काय?"

"खाली बघा."

मी बर्फातल्या खुणा पाहिल्या. माझ्या प्रत्येक पावलात मोरेचं पाऊल नेमकं पडलं होतं. माझा डावा तिथे त्याचा डावा. ताज्या बर्फात दुसऱ्याच्या खुणेत पाय ठेवणं शहाणपणाचं असतं, पण तो नुसती खूण वापरत नव्हता. माझ्या लांब ढांगेशी आणि माझ्या वेगाशी तो कदम मिळवत होता. मी सांगितलं नव्हतं. त्याने ठरवलं नव्हतं. फौजी होता, पाय जुळले. माझ्या फुप्फुसांचा चढ तो त्याच्या फुप्फुसांनी चढत होता.

घरतच्या खुणा बाजूने गेल्या होत्या. आखूड आणि वेड्यावाकड्या.

घरत त्याच्यापुढे उकिडवा बसला. "मोरे, तोंड मिट. नाकाने घे. पोटात घे. उस्तादांचे पाय बघायचे नाय. माझे पण नाय. श्वास देईल तेवढंच पाऊल. नाय दिला तर उभा राहा, बोंबलू दे कुणाला बोंबलायचं ते."

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. मोरे हसला. ओकलेला माणूस हसला म्हणजे उठेल, हे मला माहीत होतं.

त्याला पुढे घातलं. पिशवी घरतने घेतली. मी मागे. मी ऑर्डर दिली, "ब्रेक स्टेप," आणि पहिल्यांदा ती पुलाशिवाय दिली.

मोरे गोगलगायीसारखा चालला. माझं डोकं फुटायची वेळ आली. डोळ्यांसमोर जाधव आणि पुढे हा माणूस, आठ पावलं, थांबा, पाच पावलं, थांबा. रेडिओ वाजला. मी फक्त म्हणालो, "टायगर वन. चल रहे हैं. ओव्हर." पुढच्या वेळीही तेच म्हणालो. कंपनी कमांडर वैतागले. मी आधीच वैतागलेला होतो.

पण मोरे पुन्हा बसला नाही. उजेड असतानाच आम्ही पोस्टवर पोचलो. जाधवचे ओठ निळे पडले होते. मोरेने मास्क लावला, सुई भरली. हात स्थिर होते. सकाळी ढग उठले आणि हेलिकॉप्टर आलं. जाधव आज साताऱ्याला दुकान चालवतो.

परतताना मी घरतला म्हणालो, "ताओने वाचवला म्हणायचं?"

"मोरेने वाचवला," तो म्हणाला. "उस्ताद, तुमी फार हिशेब मागता."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात घरत गेला. चकमक नव्हती, चढाई नव्हती. रेशनच्या गाडीत केबिनमध्ये बसून खाली येत होता. डोंगरावरून दगड आले. मेसेज मी घेतला. मी दोनदा रिपीट करायला सांगितलं. जो माणूस आयुष्यभर पायांवर होता, तो बसलेला असताना गेला. याचा अर्थ मी खूप शोधला. घरत असता तर म्हणाला असता, शोधू नका. तो नाही, म्हणून शोधतो.

आता मी पन्नाशीच्या पुढे आहे. पहाटे आरेत पळतो. सुट्टीत आम्ही दोघं तिथेच भेटायचो, तो पवईकडून यायचा आणि मी बोरिवलीहून. त्याचे चार नियम पाळायचा प्रयत्न करतो. घड्याळ घरी ठेवलं तर वाटेतली तबेल्यांची नंबर घातलेली युनिटं मोजतो. युनिटं सोडली तर विजेचे खांब. श्वास पोटात जातो तेवढ्यात मागून बाइकवाला हॉर्न देतो, किंवा ग्रुपमधलं कुणीतरी ओरडतं, "सर, पेस काय आहे आपला?" कधीतरी एखाद्या वळणावर पाय आणि डोकं दोन्ही गप होतात. ते लक्षात येतं आणि तिथेच संपतं. इतक्या वर्षांत एवढीच प्रगती.

रविवारी वेळेवर सगळे जमले. टी-शर्टवर घरतचा फोटो. मनीषा वहिनी, घरतची बायको, नेहमीसारख्या साडीवर बूट घालून आल्या होत्या. त्या मागून चालतात. मी लेफ्ट-राइट द्यायला नकार दिला, म्हणून कुलकर्णींनी स्वतः भोंगा घेतला.

"लेफ्ट, राइट. लेफ्ट, राइट. सर, नुसते पुढे राहा, बास."

"दादा, हे काय चाललंय?" वहिनींनी विचारलं.

"व्हिडिओ," मी म्हणालो.

"ह्यांचा?"

मी पुढे जाऊन उभा राहिलो. निघालो. बँकेतली, आयटीतली, शाळेतली चाळीसेक माणसं, पण थोड्या वेळात थाप जमली. मान्य करतो, ती थाप ऐकून अंगावर काटा आला. माझेही पाय जुळले. मग लक्षात आलं, की मागच्या रांगेतला एक जाडसर गृहस्थ तोंड उघडं टाकून, पुढच्याच्या पायांकडे बघत, त्या थापेशी झगडतोय. चेहरा राखेसारखा होत चालला होता.

पुढे ओढ्यावरचा छोटा पूल आला. मी वळलो आणि पूर्वीच्या आवाजात ऑर्डर दिली.

"ब्रेक स्टेप."

कुणाला काही कळलं नाही. पण आवाजाने थाप तुटली. कुणी हळू झालं, कुणी थांबलं. जाडसर गृहस्थ कठड्याला टेकून श्वास घेऊ लागले. मी त्यांना घरतचे चारही नियम सांगितले.

"सर, शॉटची वाट लागली ना," कुलकर्णी म्हणाले. "पुलानंतर परत लेफ्ट-राइट घेऊ?"

"नाही."

"ट्रिब्यूट होता सर."

"हाच आहे."

ते चिडले. अजून चिडलेले आहेत. ग्रुपवर त्यांनी फक्त सुरुवातीचा तुकडा टाकला, खाली ढोल लावून.

मी पुलावर थांबलो, वहिनी येईपर्यंत. त्या माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. पुढच्या वळणाआड माणसं दिसेनाशी झाली होती, पावलं ऐकू येत होती. आखूड, लांब, फरफटत, कुणाचीच कुणाशी न जुळणारी.

पूर्वी सगळ्या कंपनीत घरतची पावलं मला वेगळी ओळखू यायची. त्या सकाळी मी कान देऊन ऐकलं. ओळखू येईनात. सगळीच त्याची वाटत होती.