नाडीवाल्या वैद्याचा शाकाहारी काढा

“या घरात अंडं येणार नाही म्हणजे नाही!” मी ओट्यावर डाव आपटला.

“अहो आई, केकच्या खोक्यावरच लिहिलंय, दोन अंडी घाला म्हणून,” वृंदा म्हणाली. वृंदा म्हणजे माझी सून, आणि नीता माझी नात. “नीताच्या वर्गातल्या मुली येणारेत बर्थडेला. मागच्या वर्षीचा तुमचा दह्याचा केक सुरीनं कापला जाईना!”

“खोक्यावर लिहिणारा माझा सासरा लागतो का गं?”

थांबा, फजिती ऐकायचीय ना माझी? मग त्या वेळी स्टोव्हवर काय रटरटत होतं ते आधी ऐका!

माझ्या पोटऱ्यांवर इसब. किती वर्षांचं! खाजवून खाजवून पातळाला रक्ताचे डाग पडायचे. शेखर, माझा मुलगा, डॉक्टर, पण हार्टचा. त्याच्या मित्रानं दिलेली मलमं लावली की बरं वाटायचं, थांबवली की दुप्पट खाज. शेवटी हट्टानं त्याला न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये गाडी न्यायला लावली. पार्किंग मिळेना, म्हणून तो गाडीतच बसला. मी एकटी आत!

म्हातारा चिनी वैद्य. त्यानं नाडी पाहिली, जीभ पाहिली. अहो, नाडी पाहणारा माणूस म्हणजे आपलाच की! वर पथ्य काय सांगितलं? तिखट बंद, मासे बंद! मासे बंद म्हटल्यावर आणखी काय विचारायचं? पक्का शाकाहारी! शाळेचं तोंड पाहिलं नाही मी, पण एवढं कळतं मला.

पुड्या आणल्या. मुळ्या, साली, कसलीशी वाळकी फुलं. घरभर असा वास सुटायचा की शेखर नाक धरून गॅरेजमधून ये-जा करायचा. पण पोटऱ्या? लख्ख! शांत झोप लागायला लागली हो! मी तो काढा आधी देवापुढे ठेवायची, मग प्यायची. चतुर्थीलासुद्धा! औषधानं कुठे उपास मोडतो?

तर त्या दिवशी भांडता भांडता काढा उतू जायला लागला. वृंदानं पळी घालून ढवळलं आणि वर आलेलं काहीतरी डोळ्यांजवळ नेलं.

“आई... याला पाय आहेत.”

“मुळी असेल ती.”

“डोळे पण आहेत.”

“शेखर!” मी ओरडले. “सांग हिला, फूल आहे म्हणून!”

शेखरनं पळी खिडकीशी नेली. निरखून पाहिलं. मग मेला हसायलाच लागला!

“आई, हे त्या किर्र ओरडणाऱ्या किड्यांचं टरफल. आपल्या अंगणातल्या मेपलच्या झाडाला टरफलं चिकटलेली असतात ना? तू झाडूनं पाडतेस आणि शी शी करत आंघोळीला जातेस, तीच!”

देवापुढे! चतुर्थीला!

“पण... आत किडा कुठाय?” मी वाद घातला. “तो उडून गेला ना! हे नुसतं टरफल.”

“मग अंड्याचं टरफल चालेल का, आई?” वृंदा अगदी गोड आवाजात.

“ओतून टाकतो हे सिंकमध्ये,” असं म्हणत शेखरनं पातेलं उचललं. “तुझा धर्म तरी वाचेल.”

पुन्हा ती खाज? पुन्हा ती जागरणं? मी दोन्ही हातांनी पातेलं धरलं. हात भाजले, पण सोडलं नाही!

“वृंदा, दोन काय, चार अंडी घाल त्या केकात, पण माझ्या काढ्याचा एक थेंब जरी सांडला, तर दोघांनाही घराबाहेर काढीन!”