मागावरचा चंद्रबिंदू

आमच्या ह्यांचं नाव मी घेत नाही. ग्वाल्हेरच्या माधवगंजात लोक सदाशिवराव म्हणत. संस्थानच्या शिकारखान्यात माग काढायचं काम. वाघाचं पाऊल दिसलं की त्यावर काच धरायची, काचेवर शाईने पावलाची रेघ उतरवायची, घरी येऊन वहीत घ्यायची. पाऊल चांगलं उमटलं असेल तर प्लास्टरचा ठसाही काढत. शिकारी साहेबांना वाघ कुठे आहे एवढंच हवं असे. ह्यांना तो कोण आहे ते हवं असे. अशा वीस वर्षांच्या वह्या झाल्या.

संस्थान विलीन झालं, शिकारखाना मोडला. आसपासच्या संस्थानांतले मागकाढेही घरी बसले. ह्यांनी नव्या राज्याच्या एका जंगल कचेरीत अर्ज दिला: ही माणसं एकत्र आणा, सगळ्यांना एकाच पद्धतीने माग उतरवायला शिकवतो, म्हणजे कुठल्या रानात किती वाघ उरलेत ते कळेल. अर्ज हिंदीत, पण वर लिहिलं 'माग की बहियाँ', म्हणजे मागाच्या वह्या. आमचं ग्वाल्हेरकरांचं असंच. अर्धी हिंदी, अर्धं घरचं.

तिथल्या बडे बाबूने, म्हणजे हेडक्लार्कने, ते 'माँग', म्हणजे मागणी, असं वाचलं. लाल शाईने प्रत्येक 'माग'वर चंद्रबिंदू ठोकला, खाली 'माँग अस्वीकार' असा शेरा मारला आणि भर कचेरीत अर्ज परत देत म्हणाला, "राव साहब, राज चला गया, माँगने की आदत नहीं गई?" सगळे फिदीफिदी हसले. दाल बाजारापर्यंत ह्यांचं नाव 'माँगवाले' पडलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

हे म्हणाले, उद्या जाऊन चूक समजावतो. मी ह्यांना देवासमोर उभं केलं. म्हटलं, "तो मेला आपला जिना चढून येईल, तेव्हाच त्याच्यापुढे वही उघडायची. घ्या शपथ." ह्यांनी घेतली.

कचेरी नाही तर नाही. ह्यांनी स्वतः पोस्टकार्डं धाडली. पहिल्या दसऱ्याला दतिया, धार आणि नरसिंहगडहून चौघे आले, पुढे चौदा झाले. आमच्या माडीवर काचा, शाई, प्लास्टर. खाली माझी थालीपिठं. शिवाजीराव म्हणून जुने शिलेदार होते, त्यांनी दोऱ्याचा कॅमेरा बनवला. वाटेत दोरा ताणायचा, जनावराचा पाय लागला की फोटो निघायचा. त्यांनी तो सगळ्यांना शिकवला. प्रत्येक जण आपल्या रानातून मागाचे कागद पाठवी आणि हे ते ताडून पाहत.

तिकडे बडे बाबूने खुर्चीत बसून आमच्या भागात एकतीस वाघ लिहिले. त्या आकड्यावर शिकारीचे परवाने सुटू लागले. आमच्या वहीत तेरा होते. हे दोनदा पायांत जोडे घालून कचेरीत जायला निघाले, दोनदा मी शपथेची आठवण दिली. होऊ दे त्याचं खोटं मोठं, म्हणजे पडेल तेव्हा जोरात पडेल, असं मी म्हणे. खोटं कशाला बोलू, मला त्यात गोडी वाटत होती.

छप्पन साली राज्यांची पुन्हा मोडतोड झाली. कचेरी भोपाळला हलायची होती आणि वरून विचारणा आली, एकतीसचा पुरावा द्या. भर दुपारी बडे बाबू आमचा जिना चढला. घामाघूम. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. जपून ठेवलेला तो अर्ज त्याच्यापुढे टाकला, शेजारी ब्लेड ठेवलं आणि चंद्रबिंदू खरवडायला सांगितले. सगळे खरवडून होईपर्यंत मी उभी होते. मग त्याला म्हणायला लावलं, "माग." तो म्हणाला. आठ वर्षांनी माझं काळीज थंड झालं.

ह्यांनी वही उघडली. बाबूने विचारलं, कितने हैं?

"नौ," हे म्हणाले.

मी म्हटलं, तेरा ना हो? ह्यांनी वही माझ्याकडे फिरवली. चार पानं काढून दाखवली, प्रत्येक पानाच्या तळाशी, तो वाघ ज्या परवान्यावर मारला गेला त्याची तारीख. चारही मी शपथ घालून ह्यांना अडवल्यानंतरच्या.

बाबू नऊचा आकडा घेऊन गेला. परवाने बंद झाले, त्याची बढतीही हुकली म्हणतात. हे मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त त्या चौघा वाघांचे ठसे माडीवरून खाली आणून माझ्या देवघराच्या फळीवर ठेवले. देव पुसले की मी तेही पुसते.